निबवर लिहिलेलं नाव आणि पेनचं खरं घराणं: एका अनोळखी जर्मन पेनची तपासणी

नाशिकच्या एका घरात कपाट आवरताना लोकरीच्या मोज्यात गुंडाळून ठेवलेलं काळं शाईचं पेन निघालं. घरातली माहिती अशी: वडील इंजिनिअर, 1957 साली पश्चिम जर्मनीत प्रशिक्षणाला गेले होते. तेव्हा राउरकेल्याचा पोलाद कारखाना पश्चिम जर्मनीच्या मदतीनं उभा राहत होता आणि भारतीय इंजिनिअर तिकडे जाऊन येत होते. पेन त्यांनी तिथेच घेतलं, आणि ते मॉन्टब्लाँ या नामांकित जर्मन कंपनीचं आहे. या शेवटच्या समजुतीला आधार तीन होते: पेन जर्मन आहे, निब सोन्याची आहे, टोपणाच्या माथ्यावर पांढरा ठिपका आहे.

त्यांच्या लेकीला दोन गोष्टी हव्या होत्या. पेन नक्की कुठलं ते कळावं, आणि त्यानं लिहिता यावं. यात ओळख आधी आणि दुरुस्ती मागून. पेन कुठल्या जातीचं आहे हे ठाऊक नसेल तर ते उघडायचं कसं हेच समजत नाही. पेलिकान या जर्मन कंपनीच्या 100 या पेनात मागचा, शाई आत ओढणाऱ्या दट्ट्याचा संच उलट्या आट्यांनी बसवलेला असतो, घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. त्याच कंपनीच्या 1950 मध्ये आलेल्या पेलिकान 400 मध्ये तो आट्यांवर नसतोच. नुसता दाबून बसवलेला असतो आणि पुढच्या बाजूनं ढकलून काढावा लागतो. दोन्ही पेनं सरळ पिळून उघडायला गेलं की नळी चिरते, आणि चिरलेली नळी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी शाई भरली नाही, मागची फिरकी फिरवली नाही, पाण्यात बुडवलं नाही, पॉलिश लावलं नाही. यातली शेवटची चूक घरोघरी होते. काळं पेन मळकट दिसतं म्हणून पितळ घासायच्या पॉलिशनं चकाचक केलं जातं, आणि नळीवरचा केसाएवढा खोल ठसा त्यातच निघून जातो. पेन चमकतं, पण त्याचं नाव कायमचं जातं.

मापं आणि तिरका उजेड

व्हर्नियर कॅलिपरचे जबडे प्लास्टिकचे घ्यावेत, स्टीलचे असतील तर कागदाची पट्टी मध्ये धरावी. मापं अशी आली: टोपण लावून लांबी 128 मिलिमीटर, नळीचा जाडीतला व्यास 12.1, टोपणाचा 13.6, एकूण वजन 17 ग्रॅम, त्यात टोपण 6 ग्रॅम. नळी आणि टोपण काळं. पकडीच्या, म्हणजे लिहिताना बोटांनी धरतो त्या भागाच्या, मागे शाईची खिडकी, म्हणजे आत किती शाई आहे ते दिसणारा पारदर्शक पट्टा, हिरवट रंगाचा आणि त्यावर उभ्या काळ्या रेघा. टोपणावर दोन बारीक सोनेरी कड्या, थेंबाच्या आकाराचं टोक असलेली क्लिप. शाई मागची फिरकी फिरवून भरायची. नळीवर, टोपणावर, क्लिपवर नाव कुठेच नाही.

पुसट ठसे वरून पडणाऱ्या उजेडात दिसत नाहीत. खोली अंधारी करून लहान टॉर्च नळीच्या जवळजवळ समांतर, दहा-पंधरा अंशांवर धरायची आणि पेन सावकाश गोल फिरवायचं. ठशाची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते. सोबत दहापट भिंग. फिरकीच्या अगदी अलीकडे, नळीच्या कडेपासून 4 मिलिमीटरवर, ‘53’ आणि त्याशेजारी ‘M’ अशी अक्षरं उमटली.

घरच्यांनी 53 चा अर्थ लगेच 1953 असा लावला. तो धरता येत नाही. त्या काळातल्या जर्मन पेनांवर कोरलेले आकडे सहसा मॉडेलचे किंवा आकाराचे असतात. मॉन्टब्लाँच्या तीन आकडी क्रमांकांत, उदाहरणार्थ 146 किंवा 149 मध्ये, पहिला आकडा दर्जाची श्रेणी सांगतो आणि शेवटचा निबचा आकार. अशा आकड्याला साल समजलं तर पेनचा काळ हवा तसा पुढेमागे सरकवता येतो. ‘M’ मात्र कामाचा. बऱ्याच जर्मन कारखान्यांत निब किती रुंद आहे ते नळीच्या मागच्या टोकाशी उमटवायची पद्धत होती: EF म्हणजे अतिबारीक, F बारीक, M मध्यम, B रुंद, आणि आधी O असेल तर टोक तिरकं. दुकानदाराला टोपण न काढता पेन निवडता यावं हा त्यामागचा हेतू. म्हणजे हे पेन कारखान्यातून मध्यम निब घेऊन बाहेर पडलं. आत्ता त्यात असलेली निब भिंगाखाली उघड उघड बारीक होती. पहिली शंका इथे आली.

काय कशाचं बनलंय

जुन्या पेनचं द्रव्य ओळखण्यासाठी नाक हे चांगलं साधन आहे. अंगठा कोरडा करून एकाच जागी पंधरा-वीस सेकंद जोरात घासायचा आणि लगेच वास घ्यायचा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. गंधकाचा, जळक्या रबराचा आला तर एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. दुधाच्या प्रथिनापासून केलेल्या केसीनला फॉर्मॅलिनची झाक असते. इंग्लंडच्या कॉन्वे स्टुअर्टनं केसीनची देखणी पेनं केली, पण ती पाण्यात ठेवली की फुगतात. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे सेल्युलोज ॲसिटेट कुजायला लागलंय. तापवलेल्या सुईनं टोचून बघायची जुनी चाचणी करूच नये. सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट, ते भडकन पेटतं. ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं द्रावण, त्याला विरघळवतं.

इथे नळीला आणि टोपणाला, दोन्हींना कापराचा वास आला. पकडीला गंधकाचा. पकडीची एक बाजू तपकिरी झाली होती. एबोनाइट उजेडानं आणि ओलाव्यानं असं होतं, म्हणून ते शक्यतो पाण्यात बुडवायचं नसतं. फिरकीला वासच नव्हता आणि भिंगाखाली तिच्यावर दोन बाजूंना केसासारखी उभी रेघ दिसली. साच्याचे दोन अर्ध भाग जिथे मिळतात तिथली ती खूण. सेल्युलॉइडचे भाग कांडीतून किंवा नळीतून लेथवर कातलेले असतात, त्यांच्यावर अशी रेघ नसते. साच्यात दाबून केलेले प्लास्टिकचे भाग जर्मन पेनांत सर्रास दिसू लागतात ते युद्धानंतर. नळी जुन्या पद्धतीची आणि फिरकी नव्या, म्हणजे पेन दोन पद्धतींच्या सांध्यावरचं असावं. फक्त एवढ्यावर तारीख लिहायची नाही. फिरकी नंतर बदललेली असू शकते.

कोणतं नाही

पांढऱ्या ठिपक्याचा निकाल लवकर लागला. मॉन्टब्लाँचा सहा गोलसर टोकांचा तारा टोपणाच्या माथ्यात पांढऱ्या द्रव्याचा जडवलेला असतो. झिजला तरी पांढरा आकार तिथेच राहतो, कारण तो पृष्ठभागावरचा रंग नव्हे. इथे माथ्यावर उथळ गोल खळगा होता आणि त्यात पांढऱ्या रंगाचे कण शिल्लक होते. टोकदार लाकडी काडी लावली तर कण निघाला. रंग भरलेला खळगा म्हणजे एखाद्या दुकानाची किंवा कंपनीची खूण इथे होती आणि ती पुसली गेली. ती मॉन्टब्लाँची नव्हती.

पेलिकान 1929 पासून दट्ट्याची पेनं करत होतं, आणि त्या यंत्रणेचा मूळ शोध हंगेरियन अभियंता थिओडोर कोवाच यांचा. त्यात दोन विरुद्ध दिशांचे आटे असतात, त्यामुळे फिरकी फिरवताना ती मागे वर येते आणि दट्ट्या खाली जातो, थोड्या फेऱ्यांत मोठी चाल मिळते. निब आणि फीड, म्हणजे निबखालचा शाई पुढे नेणारा भाग, एका कॉलरमध्ये बसून आट्यांनी पकडीत जातात. शिवाय 100 आणि 100N या जुन्या पेनांत पारदर्शक नळीवर रंगीत पट्टा गुंडाळलेला असतो, त्याचा उभा जोड नखाला लागतो. या पेनात जोड नव्हता, आणि पुढे दिसलं तसं निबही आट्यांची नव्हती.

बाकीच्यांची तपासणी झटपट झाली. हायडेलबर्गच्या कावेकोची गोल खूण माथ्यावर असते, शेजारच्या डॉसेनहाइमच्या ओस्मियाची शंकरपाळ्याच्या आकाराची. बॉनचं सोनेकेन नाव ठसठशीत उमटवत असे. हानोव्हरच्या गेहाच्या पुढच्या पेनांत फीडपाशी राखीव शाईची कळ असते. इथे यातलं काही नाही. पण ‘नाही’ या पुराव्यावर फार भार टाकू नये, कारण पेन आधी कुणी घासलं असेल तर खूण नसणं काहीच सिद्ध करत नाही. या पेनवर भिंगाखाली कातकामाचे मूळ सूक्ष्म वळ अजून दिसत होते. घासलेल्या पेनवर ते राहत नाहीत. म्हणून नाव नसणं इथे ग्राह्य धरलं: या पेनच्या नळीवर नाव मुळातच नव्हतं.

पेन जर्मनच कशावरून, हाही प्रश्न रास्त आहे. दट्ट्या आणि रेघांची खिडकी म्हटलं की जर्मनी आठवतं. पण बोलोन्याच्या ओमासची आणि तुरिनच्या औरोराची पेनंही दट्ट्याची आहेत. औरोरा 88 हे 1947 चं. इंग्लंडमध्ये खटक्याची आणि ओनोटोसारखी दांडा ओढायची पेनं अधिक, फ्रान्समध्ये निब 18 कॅरटची आणि तिच्यावर गरुडाच्या डोक्याचा सरकारी छाप. हे सगळे कल आहेत. पक्का पुरावा छापाचाच हवा.

क्लिपच्या कडीखालची चार अक्षरं

छाप सापडला तो सगळ्यात शेवटी बघितल्या जाणाऱ्या जागी. क्लिप टोपणावर बसते ती एका कडीनं, आणि कडी माथ्याच्या स्क्रूखाली दाबलेली असते. माथा सोडवायला पक्कड वापरायची नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा माथ्याभोवती, दुसरा टोपणाभोवती, आणि हातानं सावकाश. हलला नाही तर हेअर ड्रायर वीस सेंटिमीटरवरून तीस सेकंद फिरवत धरायचा आणि टोपण मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. सोसवेल इतकंच गरम, म्हणजे पन्नास अंशांच्या आसपास. सेल्युलॉइड सत्तर-ऐंशी अंशांवर मऊ पडून वाकतं. तिसऱ्या खेपेला माथा सुटला. क्लिपच्या कडीखालचं टोपण कोळशासारखं गर्द काळं होतं, बाकीचं त्यापुढे राखट वाटत होतं. कडीच्या खालच्या अंगावर, मुलामा जसाच्या तसा असलेल्या पितळावर, अक्षरं होती: ‘D.B.G.M.’

या आद्याक्षरांवर युरोपातल्या जुन्या वस्तूंची अर्धी कालगणना चालते. D.R.P. म्हणजे जर्मन साम्राज्याचं पेटंट, 1877 पासूनचं. D.R.G.M. म्हणजे त्याच राज्यातली ‘गेब्राउख्समुस्टर’ नोंद, पेटंटहून लहान शोधांसाठी, 1891 पासूनची. 1945 ला ते राज्य संपलं. नवं पेटंट कार्यालय म्युनिकमध्ये 1 ऑक्टोबर 1949 ला उघडलं, आणि R च्या जागी B आला, बुंडेसरेपुब्लिकचा, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या संघीय प्रजासत्ताकाचा: D.B.P. आणि D.B.G.M. ‘ang.’ जोडलेलं असेल तर अर्ज केलाय, मंजुरी बाकी. ‘Ges. gesch.’ म्हणजे कायद्यानं संरक्षित, त्यातून साल निघत नाही. फ्रान्समधलं ‘Bté S.G.D.G.’ म्हणजे सरकारच्या हमीशिवाय दिलेलं पेटंट, इटलीत ‘Brev.’, इंग्लंडमध्ये ‘Reg. No.’ आणि पुढे क्रमांक. ‘Germany’ असं इंग्रजीत लिहिलेलं असेल तर माल निर्यातीसाठीही बनला असण्याची शक्यता. ‘Western Germany’ असेल तर युद्धानंतरचा.

जुनी खूण बराच काळ चालते, कारण ठसे आणि साचे कुणी फेकून देत नाही. 1950 मध्ये जुळवलेल्या पेनवर युद्धाआधी कापलेली D.R.G.M. ची क्लिप सहज सापडेल. उलट मात्र होत नाही. 1938 मध्ये D.B.G.M. कुणी कोरू शकत नव्हता. म्हणून पेनवरची सर्वांत नवी खूण पकडायची. या क्लिपची वरची मर्यादा 1957, कारण पेन त्या वर्षी घेतलं असं घर सांगतं. खालची मर्यादा 1949 ची अखेर.

पण पुरावा टोपणावर आहे आणि ओळख नळीची करायची आहे. टोपण दुसऱ्याच पेनचं असेल तर सगळं कोसळलं. जुन्या बाजारातून आलेल्या पेनांत असं जुगाड सर्रास असतं, कारण टोपणच आधी हरवतं. त्यामुळे टोपण याच नळीचं आहे का हे स्वतंत्रपणे तपासावं लागलं. टोपण पाऊण फेरीत बसत होतं आणि शेवटी डगमगत नव्हतं. नळीच्या आट्यांच्या मागे झिजून चमकणारी एक बारीक गोल रेघ होती, टोपणाची कड वर्षानुवर्षं टेकून पडलेली, आणि आताची कड बरोबर त्याच रेघेवर येत होती. तिसरी गोष्ट सूर्यप्रकाशात दिसली. काळं सेल्युलॉइड तसं काळंच, पण या दोन्हींत तिरक्या उन्हात एकसारखी तपकिरी झाक होती. तिन्ही जुळल्यावर टोपण मूळचं धरलं.

कड्या थोड्या सैल झाल्या होत्या, बोटानं फिरत होत्या. हा दोष कारागिराचा नव्हे. सेल्युलॉइडमधला कापूर वर्षानुवर्षं उडत राहतो आणि ते आकसतं. धातू आकसत नाही.

आणि मग निब

निब मुद्दाम शेवटी ठेवली. पेन हातात आलं की सगळे आधी निबच वाचतात, कारण तिथे अक्षरं सोन्यावर स्पष्ट असतात. पण पेनमधला सर्वांत जास्त वेळा बदललेला भाग तोच असतो. टोक वाकतं, पेन टेबलावरून निबवर पडतं, आणि दुरुस्तीवाला हाताशी असलेली निब बसवतो. निबवरच्या नावानं पेनला नाव देणं म्हणजे चपलेवरून माणसाचं गाव सांगणं.

इथल्या निबवर इंग्रजीत ‘Warranted 14 CT 1st Quality’ असं होतं. ही कुणा एका कंपनीची निब नव्हे. अशा निबा घाऊक विकल्या जात आणि कुठल्याही पेनात बसत. ‘CT’ हे स्पेलिंग ब्रिटिश बाजाराकडे बोट दाखवतं. जर्मन कारखान्याची निब ‘585’ किंवा ‘14 Karat’ म्हणते. हजारात 585 भाग सोनं म्हणजेच 14 कॅरट, पण लिहिण्याची तऱ्हा वेगळी.

सोनं आहे का हे बघायला लोहचुंबक लावतात. चिकटली तर स्टील, हे खरं. न चिकटली तर सोनं, हे खोटं, कारण काही स्टेनलेस स्टीलही चुंबकाला दाद देत नाही. पाण्यात तोलून घनता काढायचा उपाय कागदावर छान आहे. 0.35 ग्रॅमची 14 कॅरटची निब सुमारे 0.027 ग्रॅम पाणी बाजूला सारते, स्टीलची असेल तर 0.045. फरक 0.018 ग्रॅमचा, आणि 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्याला तो धड पकडता येत नाही. तीन दशांशांचा काटा हवा. सराफाच्या कसोटीवर घासली तर सोनं त्या दगडावरच राहतं. सरळ उपाय म्हणजे हॉलमार्किंग केंद्रातलं एक्सआरएफ यंत्र, क्ष-किरणांनी धातू तपासणारं. निबला ओरखडा न काढता मिश्रण कळतं. ही निब खरी 14 कॅरटची निघाली. सोनं खरं, निब मात्र दुसऱ्याची.

बदललेली निब शाबीत झाली ती काढल्यावर. पकड फक्त अर्धी, निबपुरती, साध्या थंड पाण्यात उभी ठेवली, रात्रभर. पाणी निळं झालं की बदलायचं. दुसऱ्या सकाळी पकडीला कोमट हवा दिली आणि निब-फीड दोन्ही बोटांनी धरून न फिरवता सरळ ओढली. पेलिकानसारखी आट्यांची असती तर ओढून काहीच झालं नसतं आणि जोर केल्यावर फीड मोडलं असतं. ही दाबून बसवलेली होती, निघाली. पकडीच्या तोंडात भिंग लावल्यावर एबोनाइटवर समोरासमोर दोन खाचा दिसल्या, मूळ निबच्या कडांनी दाबून पाडलेल्या. आताच्या निबच्या कडा त्या खाचांच्या प्रत्येकी जवळजवळ एक मिलिमीटर बाहेर होत्या. निब मूळच्यापेक्षा रुंद आहे. ती लांबही होती. फीडवर निबच्या शेपटीसाठी पायरी असते, ती पायरी आताच्या निबला आत जाऊ देत नव्हती, म्हणून निब पुढे सरकून बसली होती आणि फीडचं टोक निबच्या भोकाच्या जेमतेम पुढे येऊन थांबत होतं. शाई फीडच्या टोकापर्यंत येते आणि तिथून चिरेतून टोकाला जाते. हे अंतर वाढलं की शाईची धार तुटते. एवढ्या ओढाताणीत पेन दोन-तीन ओळी लिहून कोरडं पडत असणार. लेकीला आठवलं की वडील हे पेन झटकून लिहायचे, आणि भिंतीवर शाईचे शिंतोडे असायचे.

निब बाहेर असल्यानं दट्ट्याही पाहता आला. पकडीच्या तोंडातून सिरिंजनं एक मिलिलिटर पाणी आत सोडून पेन चोवीस तास उभं ठेवलं, मगच फिरकीला हात लावला. सात फेऱ्यांत दट्ट्याची चाल 23 मिलिमीटर. फिरकी जागच्या जागी फिरते, वर येत नाही, म्हणजे पेलिकानची यंत्रणा नव्हे हे दुसऱ्या बाजूनं सिद्ध झालं. दट्ट्याचं बूच करड्या प्लास्टिकचं, धारदार दोन कडांचं. पूर्वी इथे खऱ्या कॉर्कचं बूच असे, मेणात उकळून बसवलेलं. पेलिकानमध्येही ते युद्धकाळात, 1942 च्या सुमारास, प्लास्टिकला जागा देऊन गेलं. प्लास्टिक बूच 1949 नंतरच्या तारखेला धरून आहे. तरी तेही निबसारखंच बदलता येणारं, त्यामुळे त्याची साक्ष दुय्यम.

मग बनवलं कुणी

हायडेलबर्ग आणि आसपासच्या गावांत त्या काळी पेनांचा धंदा दाट होता. कावेको, ओस्मिया, 1930 पासून लामी, 1939 पासून निब बनवणारी बॉक. थोडं पुढे ग्रोस-बीबेराऊला 1920 पासून मेर्झ उंड क्रेल. मोठ्या नावांखेरीज नळी एकाची, क्लिप दुसऱ्याची, निब तिसऱ्याची घेऊन जुळवणारे लहान कारखानेही होते, आणि स्टेशनरीच्या दुकानांसाठी दुकानाच्या नावानं माल जायचा. माथ्यावरचा पुसलेला पांढरा खळगा अशाच दुकानी खुणेशी जुळतो. नोंद इथेच थांबवली. क्लिपचा आकार एका नामांकित कंपनीच्या क्लिपसारखा दिसतो म्हणून ते नाव चिकटवायचा मोह होतो. क्लिप पुरवठादार अनेकांना तीच क्लिप द्यायचा, म्हणून हे नाव लावलं नाही.

पेनबरोबर ठेवलेल्या कार्डावर हे लिहिलं:

पक्कं: पश्चिम जर्मनी, क्लिप 1949 च्या अखेरीनंतरची, टोपण याच नळीचं, नळी-टोपण सेल्युलॉइड, पकड एबोनाइट, मॉन्टब्लाँ नाही, पेलिकान नाही, कारखान्यातून मध्यम निब घेऊन निघालं, आताची निब 14 कॅरट, मूळची नव्हे.

बहुधा: 1950 ते 1957, दुकानाच्या नावानं विकलेलं, निब भारतात आल्यावर बदललेली.

नोंद नाही: कारखान्याचं नाव.

1957 ची घरातली आठवण पेनशी पूर्ण जुळते, आणि कार्डावर तीही लिहिली, ‘कुटुंबाकडून’ असं म्हणून.

दुरुस्तीला आल्यावर निबची शेपटी कापून ती आत सरकवायचा सोपा मार्ग होता. तो घेतला नाही. सोन्याची निब कापली की परत वाढत नाही आणि वडिलांनी ज्या निबनं लिहिलं तीच कायम ठेवायची होती. बदल फीडमध्ये केला. भारतात एबोनाइटचं फीड हातानं कातून देणारे कारागीर अजून आहेत. जुन्या फीडच्याच व्यासाचं, पण पायरी दोन मिलिमीटर मागे आणि टोक चार मिलिमीटर पुढे असं नवं फीड कातून घेतलं. निब आणि फीड एकमेकांना टेकतात का हे उजेडाकडे धरून बघितलं, फट दिसली नाही. नळीच्या आत टूथपिकच्या टोकावर मावेल एवढं शुद्ध सिलिकॉन ग्रीस लावलं. व्हॅसलीन लावायचं नाही, ते रबर फुगवतं. शाई साधी निळी भरली, कारण निळी-काळी लोहयुक्त शाई आत वाळली की खिडकीवर बसलेला डाग निघत नाही.

पेन आता झटकावं लागत नाही. मूळ फीड छोट्या कागदी पाकिटात कार्डाशेजारी आहे. पेन मात्र मोज्यात किंवा हवाबंद डबीत परत ठेवायचं नाही असं घरी सांगितलं: सेल्युलॉइडला हवा लागते, आणि पावसाळ्यात लोकर ओल धरून ठेवते.